दूरच्या युद्धाची बातमी नेमके कोण सांगत असते?

खानापूरच्या महाविद्यालयात पत्रकारिता शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: युक्रेन किंवा गाझा येथील युद्धाशी आपल्या सीमाभागातील माणसाचा नात्याचा, शेतीचा वा धंद्याचा थेट संबंध नसतो, तरीही चहाच्या गाड्यावर त्यावरून दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे लोक जवळजवळ ठरावीक वाक्येच बोलतात. ही वाक्ये त्यांच्यापर्यंत येतात कुठून आणि त्यांची मते घडवण्यात बातमीच्या भाषेचा वाटा किती? बेळगावातील मराठी दैनिकाच्या डेस्कवर परदेशी बातम्यांचे पान लावण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला आहे. त्या कामात जे दिसत आले त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

युद्धकाळातील वृत्तभाषा म्हटली की आपण भडक विशेषणांचा आणि सरळसरळ खोट्या बातम्यांचा विचार करतो. माझ्या मते दूरच्या वाचकावर सर्वांत खोल परिणाम करणारी गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच नजरेतून सुटणारी आहे. बातमी जसजसा लांबचा पल्ला गाठते तसतसा तिच्यातला सांगणारा गळत जातो. युद्धभूमीवर जे वाक्य ‘अमुक सेनेच्या प्रवक्त्याने असे म्हटले’ या रूपात जन्म घेते, ते वृत्तसंस्थेच्या कॉपीत, म्हणजे तिने पाठवलेल्या मजकुरात, ‘सेनेच्या म्हणण्यानुसार’ होते, मराठी मथळ्यात त्याचा ‘दावा’ होतो, वाहिनीच्या पट्टीवर तो दावाही उडतो आणि गाड्यावर पोहोचेपर्यंत ती एक घडलेली घटना झालेली असते. मधल्या टप्प्यांवर कोणी खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने जागेअभावी किंवा घाईमुळे दोन शब्द कमी केलेले असतात, इतकेच.

जवळच्या बातमीच्या बाबतीत आपल्या भागातील वाचक किती सावध असतो, हे पाहिले म्हणजे यातील मर्म ध्यानात येईल. दर वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी भाषिक काळा दिन पाळतात. दुसऱ्या दिवशीची कन्नड आणि मराठी वृत्तपत्रे शेजारी ठेवली तर गर्दीचा अंदाज, घोषणांचा मजकूर, पोलिसांची वागणूक, सगळेच वेगवेगळे दिसते. आपला वाचक यातले काहीही जसेच्या तसे घेत नाही. कोणत्या पत्राने लिहिले आहे, त्याचा वाचकवर्ग कोणता, बातमीदार स्वतः तिथे होता की नाही, हे तो मनातल्या मनात हिशेबात धरतो आणि मग आकड्याची वजावट करतो. मिरवणूक त्याच्या गल्लीवरून गेलेली असते, म्हणून त्याला ही वजावट करता येते. युक्रेनमधील खारकीव किंवा गाझातील खान युनिसच्या बाबतीत त्याच्याकडे ना गल्ली असते, ना शेजारी ठेवायला दुसरे वृत्तपत्र. तिथे वाक्य हीच घटना होते. एरवी पक्का चिकित्सक असलेला हाच माणूस तिथे भाबडा ठरतो, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

याची उलट बाजूही आपल्याला माहीत आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राची नोंदणी असलेल्या ट्रकवर दगडफेक झाली. घटना गंभीर होती, पण ती महामार्गावरच्या एका ठिकाणची होती. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मात्र वाहिन्या पाहून सगळे बेळगाव पेटल्यासारखे वाटले आणि बाजारात रोजच्यासारखी खरेदी करणाऱ्या माणसांना ‘घराबाहेर पडू नका’ असे फोन आले. त्या दिवशी दूरचे लोक ते होते आणि जवळचे आपण.

आता इतिहासाकडे वळू, कारण ही यंत्रणा आजच्या मोबाइलने जन्माला घातलेली नाही. ब्रिटनने ४ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि काही तासांतच, ५ ऑगस्टच्या पहाटे, ब्रिटिश जहाजाने जर्मनीच्या समुद्राखालून जाणाऱ्या तारा तोडल्या. त्यानंतर तटस्थ अमेरिकेला मिळणाऱ्या युरोपच्या बातम्यांचा मुख्य मार्ग लंडनवरून जाणारा उरला. जर्मनीचे म्हणणे अमेरिकेत पोहोचतच नव्हते असे नाही, पण ते उशिरा आणि तुटक पोहोचत होते. आधी आलेले वाक्य मनात घर करते आणि नंतर आलेले ‘खुलासा’ म्हणून वाचले जाते, हे डेस्कवर काम करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी चार्ल्स मास्टरमन यांच्या नेतृत्वाखाली लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये ब्रिटिश सरकारचा प्रचार विभाग गुप्तपणे सुरू झाला. आपली पुस्तिका सरकारी वाटू नये, म्हणून ती नेहमीच्या प्रकाशकांच्या नावावर काढायची, ही त्याची पद्धत. सांगणारा लपवणे हेच तिथे धोरण होते. मे १९१५ मध्ये बेल्जियममधील जर्मन अत्याचारांवरचा ब्राइस अहवाल आला. समितीचे प्रमुख जेम्स ब्राइस हे पूर्वी वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते आणि अमेरिकेत त्यांना मोठा मान होता. जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यानंतर पाचच दिवसांनी प्रसिद्ध झालेल्या या अहवालाची सुमारे तीस भाषांत भाषांतरे झाली. तो ज्यांवर आधारलेला होता त्या सुमारे १,२०० जबान्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या आणि साक्षीदारांची नावेही दिलेली नव्हती. ल्यूव्हेन आणि दिनां येथे जर्मन सैन्याने नागरिकांना खरोखरच मारले होते, पण अहवालात त्या सत्याला ऐकीव आणि अतिरंजित गोष्टींची जोड मिळाली आणि वाचकाला दोहोंत भेद करण्याचा मार्ग उरला नाही. युद्धानंतर हे उघडकीस आल्यावर पुढच्या पिढीतील संपादक अत्याचाराच्या बातम्यांविषयी इतके साशंक झाले की, १९४२ मध्ये पोलंडमधील ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा त्यांनी त्या आतल्या पानांवर टाकल्या. या दुर्लक्षाची इतरही कारणे होती, परंतु मागच्या युद्धात फसल्याची भावना हे त्यातील एक नक्कीच होते.

आपल्या भागापुरते एक सांगतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या. ज्या एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, त्याच महिन्याच्या अखेरीस कूतच्या वेढ्यात अडकलेले सैन्य तुर्कांना शरण गेले आणि त्यात मराठा सैनिकही होते. म्हणजे तेव्हा ते युद्ध या भागातील कितीतरी घरांसाठी दूरचे नव्हतेच, बातमी मात्र दूरचीच होती. सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या हातून जात, वृत्तपत्रांच्या मानेवर १९१० च्या प्रेस ॲक्टची टांगती तलवार होती आणि तारेने येणारा मजकूर लंडनहून येत होता. घरचा माणूस युद्धात असूनही त्याच्याविषयीचे वाक्य दुसऱ्याचेच असू शकते, याचे हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

डेस्कवरचे प्रत्यक्ष काम आता थोडे बारकाईने पाहू. परदेशी बातमी आमच्याकडे बहुतेक वेळा वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी म्हणून येते. पान सोडायची वेळ जवळ आलेली असते, मथळ्याला चार कॉलम मिळतील की दोन हे जाहिरातींवर ठरते आणि उपसंपादकाला पाच-सहा शब्दांत युद्ध बसवायचे असते. अशा वेळी सर्वांत आधी कात्री लागते ती ‘यांच्या म्हणण्यानुसार’ या भागाला, कारण व्याकरणदृष्ट्या तो काढला तरी वाक्य उभे राहते. दुसरी निवड क्रियापदाची. ‘हल्ल्यात वीस नागरिक ठार’ आणि ‘सेनेने वीस नागरिकांना ठार केले’ या दोन मथळ्यांत आकडा एकच आहे, पण पहिल्यात मरण आपोआप आल्यासारखे दिसते आणि दुसऱ्यात मारणारा समोर उभा राहतो. एकाच पानावर एका बाजूचे मृत्यू पहिल्या पद्धतीने आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या पद्धतीने लिहिले गेले, तर महिनाभरात वाचकाचा कल ठरतो आणि तो कोणी ठरवला हे त्याला कळतही नाही.

तिसरी निवड सांगण्याच्या क्रियापदाची आहे आणि तिच्याकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. मराठी वृत्तपत्रांत काही सरकारे गोष्टी ‘स्पष्ट करतात’, काही ‘सांगतात’, काही ‘दावा करतात’ आणि काही ‘कांगावा करतात’. वॉशिंग्टनने स्पष्ट केले, तेहरानने दावा केला, ही जोडी आपल्या पानांवर वर्षानुवर्षे छापली जात आहे. दोघांच्याही विधानांची पडताळणी झालेली नसताना एकाला खात्रीचे आणि दुसऱ्याला संशयाचे क्रियापद द्यायचे, ही निवड इंग्रजी कॉपीतून उतरते आणि आमच्या हाताला तिची सवय होते.

गाझातील अल-अहली रुग्णालयाच्या आवारात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेला स्फोट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या मथळ्यात इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार झाल्याचे आधी होते आणि पॅलेस्टिनी तसे म्हणतात हे शेवटी. काही वेळाने मथळ्यातून इस्रायल गेले, पुढे हल्लाही गेला आणि स्फोट उरला. इस्रायलने हा स्फोट इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या भरकटलेल्या रॉकेटचा असल्याचे सांगितले आणि ५०० मृतांच्या आकड्यावरही वाद झाला. सुरुवातीच्या वृत्तांकनात गाझावर सत्ता असलेल्या हमासच्या दाव्यांवर फार विसंबल्याची संपादकीय टीप त्या पत्राने २३ ऑक्टोबरला दिली. तोवर पहिला मथळा जगभर अनुवादित होऊन गेला होता आणि बहुतेक ठिकाणी त्याचे शेपूट, म्हणजे कोण म्हणते हा भाग, वाटेतच तुटला होता. त्याच्या आठवडाभर आधी हाच प्रकार दुसऱ्या बाजूने घडला होता. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, ही वस्तुस्थिती पुरेशी भीषण असताना चाळीस बालकांचा शिरच्छेद झाल्याची बातमी पसरली. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी अशी छायाचित्रे पाहिल्यासारखे विधान केले आणि नंतर व्हाइट हाउसला त्यांनी ती पाहिली नसल्याचा खुलासा करावा लागला. आपल्याकडे गाड्यावर जे दोन तट पडतात, त्यांतील एकाच्या तोंडी यातले पहिले वाक्य असते आणि दुसऱ्याच्या तोंडी दुसरे. दोघांपर्यंतही खुलासा पोहोचलेला नसतो. परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ न देण्याचे इस्रायलचे धोरण याच्या जोडीला धरले, तर पडताळणी किती अवघड झाली याची कल्पना येईल.

सांगणारा केवळ गळत नाही, कधी तो मुद्दाम झाकला जातो. इराकने कुवेत बळकावल्यानंतर १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार गटापुढे नायिरा या एकाच नावाने ओळख दिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने साक्ष दिली की, कुवेतच्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इन्क्युबेटरच्या पेटीतून काढून जमिनीवर मरायला टाकले. ही साक्ष अमेरिकेतील सिनेटरांनी आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी वारंवार सांगितली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने अशा ३१२ बाळांचा आकडा दिला आणि नंतर तो मागे घेतला. ती मुलगी अमेरिकेतील कुवेती राजदूतांची कन्या होती आणि या मोहिमेमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती, हे जानेवारी १९९२ मध्ये बाहेर आले, तोवर युद्ध संपून गेले होते. ३१२ हा आकडा पाहा. ‘सुमारे तीनशे’ म्हटले असते तर वाचकाने विचारले असते, मोजले कोणी? सुटा आकडा दिला की मोजणारा असणारच असे आपण गृहीत धरतो.

मोहिमांच्या नावांविषयी लोक खूप बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. रशियाने युक्रेनवरील आक्रमणाला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले आणि ४ मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. युरोपीय संघाने त्याच आठवड्यात रशियाच्या आरटी आणि स्पुटनिक या वाहिन्यांवर बंदी घातली. बेळगावच्या वाचकाचे मत यांपैकी कशानेच फारसे हलले नाही. ते हलले ते वेगळ्याच कारणाने.

युद्ध सुरू होताच युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे कर्नाटकातील विद्यार्थी तळघरांतून घरी फोन करू लागले. १ मार्च २०२२ रोजी खारकीवमध्ये हावेरी जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याचा गोळाबारात मृत्यू झाला. त्या दोन-तीन आठवड्यांत इथल्या कन्नड आणि मराठी पानांची भाषा पालटली. महासत्ता, डावपेच, नाटो हे शब्द मागे पडले आणि पाण्याची बाटली, बंद पडलेले एटीएम, सीमेवरची रांग, रेल्वेत चढू न दिल्याची तक्रार हे तपशील पुढे आले, कारण आता बातमी सांगणारा माणूस ओळखीचा होता आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत होता. भारत सरकारच्या ऑपरेशन गंगा या सुटका मोहिमेतून मुले परतली आणि महिन्याभरात पान पुन्हा महासत्तांकडे गेले. कीवच्या आकाशात शत्रूची विमाने पाडणाऱ्या अज्ञात वैमानिकाची कथा त्या सुमारास आपल्याकडेही चघळली गेली. ती दंतकथा असल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने एप्रिलच्या अखेरीस मान्य केले, पण तेव्हा ती मान्यता छापायला फारशी कोणाला जागा सापडली नाही.

दूरच्या देशातील मत खऱ्या अर्थाने बदलणारे लेखन कसे असते, हेही पाहिले पाहिजे, नाहीतर सगळी वृत्तभाषा फसवीच असते असा चुकीचा समज होईल. यासाठी मी अँथनी मास्कारेन्हास यांचे उदाहरण देईन आणि त्यात बेळगावकर म्हणून थोडा अभिमानही मिसळलेला आहे, कारण १९२८ मध्ये त्यांचा जन्म इथला. पुढे ते कराचीत वाढले आणि तिथल्या मॉर्निंग न्यूजमध्ये सहायक संपादक झाले. २५ मार्च १९७१ नंतर पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लष्कराने जे हत्याकांड चालवले होते, त्याविषयी सर्व काही सुरळीत असल्याचे जगाला दाखवण्यासाठी आठ पाकिस्तानी पत्रकारांना तिथे नेण्यात आले. इतरांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. मास्कारेन्हास बहिणीच्या आजारपणाचे कारण सांगून लंडनला गेले, संडे टाइम्सचे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना भेटले, पत्नी-मुलांना पाकिस्तानातून बाहेर काढण्याची व्यवस्था केली आणि स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटले. १३ जून १९७१ रोजी त्यांचा लेख ‘नरसंहार’ या अर्थाच्या एकाच शब्दाच्या मथळ्याखाली प्रसिद्ध झाला.

लोकांना तो एक शब्द आठवतो. माझ्या मते लेखाचे बळ मथळ्यात नव्हते. आपण लष्करासोबत कुठे होतो, कोमिल्लामध्ये कोणत्या हुद्द्याचा अधिकारी आपल्यासमोर काय बोलला, हे मास्कारेन्हास जागोजागी सांगत जातात. मारणारेच साक्षीदार होते आणि सांगणारा स्वतः तिथे उभा होता. शिवाय तो पाकिस्तानी होता, म्हणून ‘भारताचा प्रचार’ हा शिक्का त्याच्यावर बसेना. याआधीही परदेशी पत्रांत निर्वासितांच्या कहाण्या येत होत्या, पण त्यांना ‘भारतीय सूत्रांनुसार’ अशी शेपटी असल्याने लंडनचा वाचक वजावट करून वाचत होता. या लेखाने आपल्याला हादरवले आणि युरोपच्या राजधान्यांत व मॉस्कोत जाऊन बाजू मांडण्यास प्रवृत्त केले, असे इंदिरा गांधी यांनी इव्हान्स यांना सांगितले होते. सांगणारा जिथे स्पष्ट, तिथे भाषा शांत राहूनही परिणाम करते.

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात आपण स्वतः युद्धाच्या जवळचे झालो आणि परीक्षा उलट्या बाजूने झाली. ८ मेच्या रात्री अनेक भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. तसे काही घडले नव्हते आणि ‘सूत्रांनुसार’ यापलीकडे सांगणारा कोणी नव्हता. आपल्या जिल्ह्यालाही त्याची झळ लागली. लष्कराच्या वतीने माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातले. त्या घरावर जमावाने हल्ला केल्याची एक पोस्ट समाजमाध्यमांवर पसरली आणि ती खोटी असल्याचे जिल्हा पोलिसांना जाहीर करावे लागले. गोकाकच्या माणसाने ती पोस्ट पाहून खांदे उडवले असतील. परक्या देशात बसून ती वाचणाऱ्याला मात्र गोकाक हे फक्त एक नाव होते, जसे आपल्याला खान युनिस असते.

एवढे सांगूनही भाषेच्या सामर्थ्याला मी मर्यादा घालू इच्छितो. माणसाचा कल बराचसा आधीच ठरलेला असतो. धर्म, जुनी मैत्री, सरकारची भूमिका, खतांचे आणि तेलाचे भाव, हे सर्व त्यात असते. रशियाविषयी आपल्या वडीलधाऱ्या पिढीला वाटणारी आपुलकी १९७१ पासूनची आहे आणि ती कोणत्याही वाहिनीने २०२२ मध्ये निर्माण केलेली नाही. इराकवरील हल्ल्याआधी वॉशिंग्टन आणि लंडन यांनी महासंहारक शस्त्रांची भाषा किती लावून धरली होती, तरीही १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभरच्या शहरांत लाखो लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले. वृत्तभाषा कल असलेल्याला वाक्ये पुरवते आणि कल नसलेल्याला कल पुरवते. पहिला गट मोठा असतो, पण निर्णय घेणाऱ्यांना काळजी असते ती दुसऱ्या गटाची.

प्रकल्पासाठी विषय सुचवा, असेही तुम्ही विचारले आहे. ७ ते १० मे २०२५ या चार दिवसांचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अंक घ्या. मथळा आणि पहिला परिच्छेद एवढेच वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे तीन नोंदी करा: हे कोण सांगत आहे, सांगणारा तिथे होता का, आणि त्याच्यासाठी कोणते क्रियापद वापरले आहे. त्यानंतर हेच गाझाविषयीच्या कोणत्याही चार दिवसांच्या अंकांवर करा आणि सांगणाऱ्याचा रकाना कोणत्या संचात जास्त रिकामा राहतो ते पाहा. मोबाइलवरची आवृत्ती वापरू नका, कारण तिथले मथळे मागाहून बदलले जातात. छापील अंकच घ्या. कन्नडमधील क्रियापदांचे बारकावे तुम्हाला एकटीला लागणार नाहीत, म्हणून वर्गातील कन्नड माध्यमातून आलेल्या एखाद्या मुलीला जोडीला घ्या. दोघींनी एकमेकींचे रकाने न पाहता भरावेत आणि शेवटी ताडून पाहावेत.